खिळे बघा, मग सही करा

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते: गाडीतून माल उतरवताना हमालानं जुना टायर मागितला, तर समजा की माल आता वरून पडणार आहे. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी हे सगळं सदरच त्याला देऊन टाकलं. नवीन वाचकांसाठी ओळख दोन ओळींत. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं ट्रक आणि बस दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. यजमान पाने-पकडी सांभाळतात, मी १९९४ पासून स्टोअर सांभाळते. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, काचा, बंपर, जे काही ट्रान्सपोर्टनं येतं ते माझ्या सहीनं आत येतं. आधी सगळे ताई म्हणायचे, आता मावशी म्हणतात. प्रश्न जागेअभावी थोडे छाटले आहेत.

पंचवटीत माझं छोटं गॅरेज आहे. पहिल्यांदाच राजकोटहून ट्रकचं रिकंडिशन इंजिन मागवतोय. गल्ली अरुंद आहे, फोर्कलिफ्ट नाही, पण चार धडधाकट पोरं आहेत. उतरेल ना?

चार पोरं म्हणजे चाळीस बोटं, दादा, आणि त्यातलं एकही स्पेअरमध्ये मिळत नाही. सहा सिलिंडरचं ट्रकचं इंजिन चारशे किलोच्या पुढे भरतं. वर पॅलेट आणि लाकडी खोकं वेगळं. असला माल उचलायचा नसतो, टांगायचा असतो.

आता टेप घेऊन जरा हिशेब करा. मोठ्या गाडीचा हौदा जमिनीपासून साधारण चार फूट वर. पॅलेटसकट इंजिन साडेतीन फूट. चेन पुली, हूक आणि पट्टा मिळून दोन फूट. म्हणजे तुमचं तिकाटणं, ज्याला पुली टांगतात ती तीन पायांची घोडी, साडेनऊ-दहा फुटांचं हवं. गॅरेजातली तिकाटणी बहुधा आठ-साडेआठ फुटी असतात, कारण ती उभ्या गाडीतलं इंजिन काढायला केलेली असतात. दीड फुटाची ही तूट गाडी दारात उभी राहिल्यावर कळते. मग कोणीतरी फळी आणतो, कोणीतरी पहार आणतो, आणि शेवटी तो जुना टायर येतो.

म्हणून मोठी गाडी गल्लीत बोलावूच नका. बुकिंग करताना गोडाऊन डिलिव्हरी सांगा. आपल्या नाशिकातल्या द्वारकेला नाहीतर आडगाव नाक्याकडे, जिथे तुमच्या ट्रान्सपोर्टवाल्याचं गोडाऊन असेल, तिथे क्रेन किंवा फोर्कलिफ्ट आहे का ते आधी फोन करून विचारा. त्यांच्याकडूनच इंजिन छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, ठेवून घ्या. हत्तीचा हौदा अडीच फुटांच्या आसपास असतो आणि पाऊण टनापर्यंतचं ओझं तो बिनतक्रार नेतो. अडीच, साडेतीन आणि दोन, झाले आठ. तुमच्या तिकाटण्यात बसलं.

गल्लीत आल्यावर इंजिन गाडीतून खाली आणायला जाऊ नका. इंजिन जागेवर टांगा आणि गाडी पुढे काढा. पट्टा इंजिनच्या उचलायच्या कड्यांतून घालायचा. पाइपातून, अल्टरनेटरमधून किंवा टर्बोच्या गळ्यातून घालायचा नाही. चार बोटं उचललं की थांबायचं. फ्लायव्हीलची बाजू जड असते, ती खाली झुकते. झुकलं तर परत टेकवून पट्टा सरकवायचा. सरळ राहिलं की हत्ती हळूच पुढे घ्यायला सांगायचं आणि मग पुली सोडत इंजिन ठोकळ्यांवर बसवायचं. तेलाचा चेंबर जमिनीला टेकता कामा नये. पत्र्याचा चेंबर इंजिनच्या वजनाखाली पापडासारखा दबतो. या सगळ्यात खाली कोणाचा पायसुद्धा नको.

हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, बोलवायचा असेल तर आधी गल्लीत उभं राहून मान वर करा. विजेच्या तारा दिसल्या तर तो विषय तिथेच सोडा.

एक मात्र सही करण्याआधी. इंजिन ब्लॉकवरचा नंबर चुन्यानं नाहीतर खडूनं घासून स्पष्ट करा आणि बिलावरच्या नंबराशी ताडून बघा. इंजिन बदललं की गाडीमालकानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. बिलात एक आकडा इकडचा तिकडे असला तर तुमचं गिऱ्हाईक पेठ रोडच्या आरटीओतून थेट तुमच्या गॅरेजवर येईल, आणि चहा प्यायला येणार नाही.

एका कारचा पुढचा बंपर दिल्लीहून मागवला. बंपर सात किलोचा, बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) वजन १८० किलो! हा दरोडा नाही का? — नाशिक रोड

दरोडा नाही, भूमिती आहे. ट्रान्सपोर्टवाला गाडीतली जागा विकतो. तुमचं खोकं सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच असणार. झाले अठरा घनफूट. त्यांनी घनफुटाला दहा किलो धरले आणि १८० लिहिले. कोणी आठ धरतो, कोणी सहा. हा आकडा बुकिंगच्या आधी विचारायचा असतो. माल आल्यावर भांडलात तर हमालसुद्धा हसतात.

आमच्याकडे एकटा बंपर कधीच येत नाही. एकात एक बसणारे दोन बंपर, मध्ये फोम, पोटातल्या पोकळीत हेडलॅम्पची खोकी. भाडं तेवढंच पडतं. फक्त जड काही आत घालू देऊ नका. आमच्या एका दुकानदारानं बंपरच्या पोटात ब्रेक ड्रम पाठवला होता. ड्रम शाबूत पोचला.

गिअरबॉक्स आला, सही करून घेतला, दुसऱ्या दिवशी उघडला तर हाऊसिंगला (बाहेरच्या कवचाला) तडा. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, सही केली, विषय संपला. भाडं १,८५० रुपये, माल ७२ हजारांचा. काय करू? — सातपूर

तुमचं पत्र वाचून मला माझा २००३ चा जुलै आठवला. आधी तो सांगते, मग तुमचं बघू.

संध्याकाळचे साडेसात. पाऊस लागलेला, लाइट गेलेले. यजमान कसारा घाटात बंद पडलेल्या गाडीकडे गेले होते. स्टोअरला मी आणि एक चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा, तोही मेणबत्ती धरून. गाडी दारात लागली. ड्रायव्हर खाली उतरला तोच घड्याळ दाखवत: ‘ताई, रातोरात मालेगाव गाठायचंय.’ लाकडी खोक्यात ट्रकचा गिअरबॉक्स होता. खोकं बाहेरून धड दिसत होतं. दोन हमालांनी ते पाइपांवरून सरकवत आत घेतलं. मी बिल्टीच्या मागे सही केली, वर आमचा शिक्का मारला: माल सुस्थितीत मिळाला. तो शिक्का मीच करून घेतला होता, रोज तेच लिहायचा कंटाळा म्हणून.

सकाळी यजमानांनी झाकण काढलं. वरून काहीच नव्हतं. मग बेल हाऊसिंगवर हात फिरवताना त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ती जागा डिझेलनं पुसली, कोरडी केली आणि वर खडू घासला. पाच मिनिटं आम्ही दोघं त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत बसलो. हळूहळू एक काळी रेघ वर आली. एका बोल्टच्या भोकापासून दुसऱ्यापर्यंत, केसासारखी. तड्यात शिरलेलं डिझेल खडूनं शोषून बाहेर काढलं होतं.

मी झाकण उलटं केलं. त्यात नऊ खिळे होते. सात गंजलेले, दोन चकचकीत.

म्हणजे खोकं वाटेत कुठेतरी आपटलं होतं, एक फळी सुटली होती, आणि कोणीतरी ती नव्या खिळ्यांनी परत ठोकली होती. रात्री टॉर्च असता तर ते दोन खिळे काजव्यासारखे चमकले असते. मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला गेले, खिळे रुमालात बांधून. तिथल्या कारकुनानं आवाज चढवला नाही. त्यानं फाइल काढली, बिल्टी माझ्याकडे फिरवली आणि माझ्याच शिक्क्यावर बोट ठेवलं. मी खिळे न दाखवताच परत आले. शिक्का त्याच दिवशी फेकून दिला.

आता तुमचं. सही केल्यानं विषय संपत नाही, अवघड होतो. रस्त्यानं माल वाहण्याचा कायदा २००७ चा आहे, २०११ पासून लागू आहे. त्यात मालवाहकावर दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, तीही माल बुक झाल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. माल तुमच्याकडे आल्याची तारीख नव्हे, बुकिंगची. आजच नोटीस लिहा, स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. नुकसान कोणाच्या निष्काळजीपणामुळे झालं हे सिद्ध करायचं ओझं कायद्यानं तुमच्यावर टाकलेलं नाही. पण माल त्यांच्या ताब्यात असताना फुटला हे दाखवावं लागतं, आणि तिथे तुमची ती कोरी सही तुमच्याच विरुद्ध उभी राहते. म्हणून खोकं, फळ्या, पट्ट्या, खिळे काही जाळू नका. आहे तसं ठेवा, फोटो काढा.

पैशाची बाजू कडू आहे. जास्त जोखमीचा दर ठरवून भरला नसेल, तर मालवाहकाची जबाबदारी नियमांप्रमाणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच येते. तुमचे होतात १८,५०० रुपये. ७२ हजारांतले बाकीचे ५३,५०० ट्रान्झिट विमा असेल तरच मिळायची आशा. विमा असेल तर कंपनीला आजच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत गिअरबॉक्सला पाना लावू नका. बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम मालकाची, असा शिक्का असतो तो कोणी वाचत नाही. भाडं कितीला पडेल हे विचारतो, फुटलं तर किती मिळेल हे विचारत नाही.

पुढच्या वेळी काय लिहायचं तेही सांगते, कारण इथे बरेच जण फसतात. ‘सब्जेक्ट टू चेकिंग’, म्हणजे तपासण्याच्या अटीवर, असं लिहून लोकांना वाटतं की आपण सुटलो. त्या तीन शब्दांनी काहीही सिद्ध होत नाही. ‘माल खराब’ हेही फार मोघम. जे दिसतं ते लिहा: झाकणाचे दोन खिळे नवे, डावीकडचा खालचा कोपरा पिचलेला, तळाशी तेलाचा ओला डाग वीतभर, वेळ ७.४०, गाडी नंबर अमुक. त्यांच्या कॉपीवर आणि तुमच्या कॉपीवर, दोन्हीकडे. खाली ड्रायव्हरची सही. तो सही देत नसेल तर ‘ड्रायव्हरनं सही नाकारली’ असंही लिहा. खोक्याबद्दल शंका फारच असली तर माल ताब्यात घेऊ नका, ‘ओपन डिलिव्हरी’ मागा. म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माणसासमोर खोकं उघडायचं, काय फुटलं त्याची नोंद करायची आणि त्यांच्याकडून डॅमेज सर्टिफिकेट घ्यायचं. ऑफिसवाले कुरकुर करतात, उद्या या म्हणतात. उद्या जायचं.

मी एका गॅरेजची अकाउंट्स बघते. पुण्याहून ९० हजारांची नवीन गिअरबॉक्स असेंब्ली येणार आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात लाखाच्या आत ई-वे बिल (माल वाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन बिल) लागत नाही ना? — सिडको

लाखाची मर्यादा बरोबर आहे, पोरी. राज्याबाहेरून माल आला तर ५० हजार, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख. पण ही किंमत करासकट मोजतात. गाड्यांच्या सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी बहुतेकांवर २८ होता. ९० हजारांवर १८ टक्के म्हणजे १६,२००. झाले १,०६,२००. ई-वे बिल लागतं. ते नसताना गाडी अडवली तर कराच्या दुप्पट दंड, म्हणजे ३२,४००. एवढ्यात तुझ्या साहेबांच्या गिअरबॉक्सचा जवळजवळ तिसरा हिस्सा येईल, ते त्यांना असंच सांग.

बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. पुण्याचं अंतर २१० च्या आसपास धरलं तर दोन दिवस मिळतात. दिल्लीहून माल मागवलास तर साडेबाराशे किलोमीटरला सात दिवस. पावसाळ्यात गाडी वाटेत अडकली आणि मुदत संपत आली तर ती संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच वाढवून घेता येते. वाढवायची ट्रान्सपोर्टवाल्यानं, पण आठवण तू करायचीस. आमच्या फळ्यावर येणाऱ्या प्रत्येक मालापुढे मुदतीची तारीख खडूनं लिहिलेली असते. मोबाइलमध्येही असते म्हणा, पण फळा सगळ्यांना दिसतो.

द्वारकेच्या गोडाऊनमधून माल हत्तीत घालून सिडकोला आणताना नवा गाडी नंबर टाकावा लागतो का, हे तुझ्या पत्रात शेवटी विचारलं आहेस. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनहून तुझ्या दारापर्यंत राज्यातल्या राज्यात पन्नास किलोमीटरच्या आत असेल तर लागत नाही. आणि तुमच्या नावावर भलत्याच मालाचं ई-वे बिल निघालेलं दिसलं तर ७२ तासांच्या आत पोर्टलवर ते नाकारता येतं. माल त्याआधी ताब्यात आला तर तोपर्यंतच. दर दोन दिवसांनी एकदा बघत जा.

ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलचं हाऊसिंग मागवलं होतं. द्राक्षाची काढणी सुरू असल्यानं तीन आठवडे आणायला जमलं नाही. आता गोडाऊनवाला डॅमरेज (माल वेळेत न उचलल्याचं भाडं) मागतोय, आणि बिल्टीही सापडत नाही. — निफाड तालुका

काढणीच्या दिवसांत माणूस घरच्या लग्नालासुद्धा जात नाही, गोडाऊनला काय जाणार! पण डॅमरेज बिल्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते पूर्ण माफ होत नाही. ऑफिसात मॅनेजरशी सरळ बोला, निम्म्यावर येतात. हुज्जत हमालांसमोर घालू नका, मग त्यालाही मागे हटता येत नाही.

दिवस मात्र मोजा. माल आल्याच्या नोटिशीच्या तारखेपासून ३० दिवसांत तुम्ही तो उचलला नाही, तर कायद्यानं तो बेवारस धरला जातो आणि पुढे आणखी नोटीस देऊन विकताही येतो. तीन आठवडे गेलेत. हा अंक हातात पडेल तेव्हा बहुधा चौथा चालू असेल. बिल्टी हरवली असेल तर स्टॅम्पपेपरवर इन्डेम्निटी बाँड, म्हणजे पुढे काही नुकसान झालं तर भरून देण्याची हमी, करून द्यावा लागेल. सोबत मालाचं बिल, आधारकार्ड आणि पाठवणाऱ्या दुकानदाराचा ‘माल यांनाच द्या’ असा मेल किंवा पत्र न्या.

येताना पिकअप आणा, ट्रॅक्टर-ट्रॉली नको. ट्रॉलीत हाऊसिंग पिंपळगावपर्यंत गडगडत जातं आणि फ्लॅन्जची मशिन केलेली कड चेपते. कड चेपली की तेल गळतं, आणि पुन्हा तुम्ही म्हणाल दुकानदारानं फसवलं. हौद्यात गोणपाट, दोन्ही बाजूंना लाकडी पाचरा, वरून दोर.

बसची पुढची काच येणार आहे. आडवी ठेवू की उभी? — मालेगाव

उभी. घरापर्यंत, स्टोअरपर्यंत, बसवेपर्यंत उभी. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे काचेचे दोन पापुद्रे आणि मध्ये प्लॅस्टिकचा पडदा. आडवी ठेवली की स्वतःच्याच वजनानं मध्ये लवते, आणि कडेला कुठे टवका असला तर तिथून तडा धावतो. कधी कधी रात्री आपोआप. दुकानात ठेवलेली काच सकाळी तडकलेली सापडते आणि मांजराला शिव्या बसतात.

ताब्यात घेताना काचेचा मधला भाग सगळे बघतात. तुम्ही कडा बघा. खोक्याच्या फटीतून टॉर्च मारा, चारही कडांवरून बोट फिरवा, हातमोजा घालून. कडेला तांदळाच्या दाण्याएवढा टवका असला तरी बिल्टीवर लिहा. उतरवायला दोन सक्शन कप आणि दोन माणसं. तिसरा फक्त वाट मोकळी करायला आणि बडबड्यांना बाजूला ठेवायला.

माल उतरवायचा म्हणून ड्रायव्हर आणि हमाल दोघंही आमच्याकडे पैसे मागतात. वाराई नक्की कोणी द्यायची? — अंबड

या प्रश्नावर आमच्या लाइनीत माणसं म्हातारी झाली. ट्रान्सपोर्टवाल्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल, ज्याचा माल त्याचा हमाल. मला ती पटते. ड्रायव्हरनं गाडी आणायची की पाठीवर एक्सल घ्यायचा? पण पटणं वेगळं आणि ऑर्डर देताना लिहिणं वेगळं. ऑर्डरमध्ये एक ओळ घाला: उतराई कोणाकडे, हमाली किती. तिथे लिहिलं नाही की दारात जो जास्त दमलेला असतो तो जिंकतो.

महाराष्ट्रात हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९ पासून आहे. नोंदणीकृत हमाल बोलावले तर दर ठरलेला असतो आणि पावती मिळते. भर उन्हात कोणालातरी चौकातून पकडून आणलं आणि त्याच्या पायावर ब्रेक ड्रम पडला, तर तुमच्या त्या वाचवलेल्या दोनशे रुपयांचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि गाडी दारात तासन्‌तास उभी ठेवू नका. हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवल्याचं भाडं, लागतं ते लागतंच, पण वैतागलेला ड्रायव्हर गाडीचा मागचा फाळका जोरात आपटतो आणि आत तुमचाच माल असतो.

मला एका बॉडीशॉपच्या स्टोअरला नोकरी लागली आहे. पहिल्या दिवशी टेबलाच्या खणात काय ठेवू, मावशी? — इंदिरानगर

टॉर्च, नवे सेल घातलेला. दहा फुटी टेप. खडू. हातमोजे. खिळे काढायची पकड. पहिल्या दिवशी लोक तुला हसतील, स्टोअरवाली पकड घेऊन काय करते म्हणून. बॉनेट किंवा दरवाजा आला की प्लॅस्टिकच्या पिशवीवरून नको, पिशवी वर करून तिरप्या उजेडात बघ, पत्र्याची लाट तेव्हाच दिसते. मोबाइल चार्ज केलेला हवा. फोटो काढताना खोक्याबरोबर गाडीची नंबरप्लेट एकाच फ्रेममध्ये यायला हवी, नुसत्या फुटलेल्या खोक्याचा फोटो कुठलाही असू शकतो. गाडीवर स्वतः चढायला लाजू नकोस. पंजाबी ड्रेसवर चढता येतं, मी साडी नेसून चढत आले आहे. आधी चाकावर पाय, मग फाळक्याच्या साखळीला हात.

आणि पेन दोरीनं टेबलाला बांध. गेल्या वर्षभरात माझी अकरा पेनं ड्रायव्हरांच्या खिशातून महाराष्ट्रभर गेली आहेत.